संकल्प पत्त्यांतून निघत नाही

टॅरो म्हणजे 78 पत्त्यांचा कॅट. त्यातली 22 पाने चित्रांची: मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, उलटा टांगलेला माणूस, मृत्यू, मनोरा, सूर्य. उरलेली 56 पाने चार रंगांची. ती नेहमीच्या पत्त्यांसारखीच असतात, फक्त राजा, राणी आणि गुलाम यांच्या जोडीला प्रत्येक रंगात एक घोडेस्वार जास्त. रोज सकाळी हा कॅट पिसायचा, एक पान ओढायचे, त्यावरचे चित्र न्याहाळायचे आणि त्यातून जे सुचेल तो दिवसाचा संकल्प धरायचा, ही पद्धत हल्ली आत्मविकासाचे साधन म्हणून शिकवली जाते. शहरांत तिचे वर्ग चालतात. मोबाइलच्या पडद्यावर पान उघडायला तर शहरही लागत नाही; कुडाळ तालुक्यातल्या वालावलमध्ये कर्लीच्या काठावर बसूनही ते उघडता येते.

या पद्धतीचे समर्थक भविष्यकथनाचा दावा सहसा करत नाहीत. तो दावा टिकत नाही हे त्यांनाही ठाऊक असते. महाराष्ट्रात त्याच्या चुलतभावाची कसोटी एकदा रीतसर घेऊन झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये ज्योतिषांना आव्हान दिले: 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्यांतून प्रत्येकाला 40 देऊ, कोणती कुठल्या गटातली ते सांगा. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचे यश सरासरी 46 टक्के भरले. नाणे उडवूनही सरासरी याहून बरी येते. त्यामुळे आता दावा मऊ झाला आहे. पान पुढचे सांगत नाही, ते मनाचा आरसा आहे, ते माणसाला थांबून विचार करायला लावते, असे म्हटले जाते. प्रतिवाद करायचा तो या मऊ दाव्याचा, कारण सुशिक्षित माणसे त्यालाच भुलतात.

त्याआधी प्राचीनतेचा मुद्दा निकालात काढलेला बरा. टॅरोचे ज्ञान इजिप्तमधून आले असे अजूनही ऐकू येते. खरे म्हणजे हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाले. हात जिंकण्याच्या त्या खेळात चित्रांची 21 पाने कायमचे हुकूम असत आणि मूर्खाचे पान वेगळ्या सोयीचे. फ्रान्समध्ये टॅरो आजही खेळ म्हणून खेळतात. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ही पाने इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ असल्याचे छापले. इजिप्तची चित्रलिपी तोवर कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडली 1822 मध्ये. पण दरम्यान एतेइला या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या एका गृहस्थाने पानांवरून भविष्य सांगण्याची पुस्तके आणि त्यासाठीचा वेगळा कॅटही काढला होता. आज सर्वत्र दिसणारी चित्रे तर 1909 ची आहेत. आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ती लंडनमध्ये काढली. तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 मध्ये या खेळाचा जाडजूड इतिहास लिहून इजिप्तच्या कथेला पूर्णविराम दिला. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी कथा चालूच आहे.

एखादी गोष्ट नवी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही, हे मान्य. वेट-स्मिथ यांची चित्रे देखणी आहेत, त्यांत तपशील भरपूर आहे, आणि चित्र पाहून मनात विचार उठतात हेही खरे. प्रश्न एवढाच की उठलेला विचार कुठून येतो आणि त्याला संकल्प म्हणता येईल का.

याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. वालावलपासून जवळच, कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी म्हणजे एका कथानकाच्या सुट्या चित्रांची चळत. कथेकरी चित्र उभे धरतो, त्यावरचा प्रसंग गाऊन, बोलून सांगतो आणि मग पुढचे चित्र घेतो. बाजूला वीणा, टाळ, हुडूक यांची साथ असते. रथावरचा धनुर्धारी कोण, समोरची स्त्री का रडते, हे चित्रावर लिहिलेले नसते. ते आधीच्या चित्राने ठरवलेले असते आणि पुढचे चित्र ते पुरे करते. आता हीच पोथी पिसली आणि मधलेच एक चित्र ओढून कोणाच्या हाती दिले, तर त्या धनुर्धाऱ्यात नोकरीची मुलाखत दिसेल, सासूशी झालेले भांडण दिसेल किंवा जमिनीचा दावा दिसेल. चित्रात यातले काहीच नाही. कथेतून तोडलेले चित्र रिकामे होते आणि त्या रिकाम्या जागेत पाहणारा स्वतःचे सामान भरतो.

समर्थक म्हणतील, आरसा म्हणतात तो हाच. पण आरशाला एक अट असते: तो समोरच्याप्रमाणे बदलला पाहिजे. पानासोबत येणारा मजकूर तसा बदलत नाही. 'आज जुने सोडून द्या', 'स्वतःच्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवा', 'बदलाला घाबरू नका' ही वाक्ये कोणालाही कोणत्याही दिवशी लागू पडतात. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचे वर्णन' म्हणून कागद दिला. वर्णन अचूक आहे का याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली 4.26. मग त्याने उघड केले की कागद सगळ्यांना एकच होता आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. सकाळचे पान नेमके आपल्याच मनातले बोलले, हा अनुभव खरा असतो. त्याचे कारण पानात नसते, एवढेच.

दुसरा अनुभवही हटकून सांगितला जातो: 'तेच पान पुन्हा पुन्हा येते, म्हणजे ते काहीतरी सांगू पाहते.' इथे साधे गणित पुरते. 78 पानांचा कॅट रोज नीट पिसून एक पान काढले, तर अकराव्या दिवसापर्यंत एखादे तरी पान दुसऱ्यांदा आलेले असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. तीस दिवसांत ती 99 टक्क्यांच्या पुढे जाते. महिनाभर एकही पान पुन्हा आले नाही तर मात्र आश्चर्य करावे, किंवा कॅट तपासावा.

पत्त्यांवर देवादिकांची चित्रे असली म्हणजे त्यांना कौल लावावा असे काही नाही, हे वालावलच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्याने दाखवले आहे. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे. गोल, हाताने रंगवलेली, लाखेचा मुलामा दिलेली पाने. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकूण 120. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव बसला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, रात्री बसला तर कृष्णाचा. कला मरायला टेकली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती जगवली. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह हातात येऊनही खेळणाऱ्याने विचार करायचा तो कोणती पाने पडून गेली आणि समोरच्याकडे काय उरले याचा. स्मरणशक्ती आणि हिशेब यांची ती तालीम आहे. पत्त्यांनी आत्मविकास होत असेलच, तर तो या वाटेने होण्याची शक्यता जास्त.

इथे टॅरोचा कोकणी समर्थक आपला सर्वांत जोरकस मुद्दा काढतो. देवळात कौल लावतात त्याचे काय? पाकळी डावी पडली की उजवी यावर गाव चालते, आणि पत्त्यावर एका माणसाने दिवस ठरवला तर तो खुळचटपणा? मुद्दा बिनतोड वाटतो. मात्र कौल प्रत्यक्षात कसा लागतो हे पाहिले की तो ढासळतो.

सिंधुदुर्गातल्या देवळांत कौलाची रीत देवळागणिक थोडी बदलते, पण गाभा सारखा. देवाच्या पाषाणाच्या अंगावर नेमलेल्या जागी, उजवीकडे आणि डावीकडे, भिजवलेले तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. गुरव किंवा मानकरी प्रश्न मोठ्याने बोलतो, असा की उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जावा. मग सगळे थांबतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्नाला दोनच उत्तरे असतात, कोणते कशाचे हे आधीच ठरलेले असते, आणि साक्षीला गाव असतो. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते; ती कौलाने ठरते, आणि तारीख कानावर आली की मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या आरक्षणाला धावतात. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो, आणि परत घरात शिरायचे तेही कौल मिळाल्यावरच. कौल मिळाला नाही तर मुक्काम वाढतो.

कौलाला भविष्य कळते असे यातून सिद्ध होत नाही. ओल्या तांदळाचा दाणा वाऱ्याने, वजनाने, वाळण्याने पडतो. परंतु जत्रा या मंगळवारी की पुढच्या, हा प्रश्नच असा असतो की कोणतेही उत्तर चालण्यासारखे असते आणि भांडण मात्र वर्षभर चालू शकते. अशा ठिकाणी कोणाच्याच हातात नसलेली गोष्ट निवाडा करते आणि सगळे तो मानतात. क्रिकेटची नाणेफेक याच जातीची. टॅरोच्या पानात यातले काहीही नाही. प्रश्न ठरलेला नसतो. उत्तर होकारी की नकारी हे आधी बांधलेले नसते. साक्षीला कोणी नसतो. 'मृत्यू' आला तर तो जुन्या सवयीचा अंत म्हणून शुभ, 'सूर्य' उलटा आला तर तो झाकोळलेला आनंद म्हणून अर्धवट शुभ. नकार देऊच न शकणाऱ्या साधनाच्या होकाराला किंमत किती? आचऱ्याचा रामेश्वर माणसांना आणखी एक रात्र झोपडीत काढायला लावू शकतो. पानाला तेवढेही जमत नाही, कारण ते आवडले नाही तर दुसरे काढण्याची मुभा प्रत्येकाला घरातच असते.

कौलाची बाजू घेताना त्याच्या मर्यादाही बोलाव्या लागतात. जत्रेच्या तारखेपुरता तो निरुपद्रवी आहे. आजार कशाने झाला, चोरी कोणी केली, करणी कोणी केली, असे प्रश्न तिथे नेले की तोच कौल माणसे उद्ध्वस्त करतो. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने करणीचा आळ घेणे आणि साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणे हे गुन्हे ठरवले, ते याच अनुभवातून. तेव्हा कौल चांगला आणि टॅरो वाईट, परका म्हणून वाईट, असा हा युक्तिवाद नाही. पदरात देवदयेने काय पडेल ते पडो, प्रश्न मात्र माणसाने आधी नीट घातला पाहिजे, एवढी शिस्त कौलात आहे आणि पत्त्यात नाही.

संकल्पाच्या बाबतीत ही शिस्त आणखी ठळक दिसते. घरच्या पूजेत भटजी यजमानाच्या उजव्या हातावर पळीने पाणी घालतात. मग देश, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, यजमानाचे नाव, गोत्र आणि शेवटी जे करायचे आहे ते कर्म, असा उच्चार होतो आणि पाणी ताम्हनात सोडले जाते. कोण, कुठे, कधी, काय: चारही गोष्टी बोलून झाल्याशिवाय पूजा पुढे सरकत नाही. गावच्या गाऱ्हाण्यातही तेच. मानकरी नारळ हाती घेऊन महाराजाला साद घालतो, कोणाचा मुलगा, कोणत्या कामाला, कुठे निघाला आहे ते सांगतो, आणि भोवतीची माणसे प्रत्येक मागणीवर 'व्हय महाराजा' म्हणून शिक्का मारतात. ज्याचे गाऱ्हाणे घातले त्याला दुसऱ्या दिवशी 'मी असे म्हणालोच नव्हतो' म्हणता येत नाही.

मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले आहे. पीटर गॉलवित्झर यांनी 1999 मध्ये मांडले की नुसती इच्छा धरणाऱ्यापेक्षा 'अमुक वेळ, अमुक जागा आली की अमुक करायचे' असे आधी बांधून ठेवणाऱ्या माणसाने ते काम पार पाडण्याची शक्यता बरीच जास्त असते. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हाही हा परिणाम मध्यम ते मोठ्या आकाराचा निघाला. या कसोटीला सकाळच्या पानातून निघणारे संकल्प लावून पाहावेत. 'आज प्रवाहाबरोबर जाईन', 'आज स्वतःला माफ करीन', 'आज विपुलतेचे स्वागत करीन'. यात वेळ नाही, जागा नाही, काम नाही. संध्याकाळी ते पार पडले की नाही हे कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ते नेहमी पार पडल्यासारखे वाटते. वजन कमी करायचे असलेल्या माणसाने 'रात्रीची भांडी घासून झाली की तळ्याला एक फेरी' असे ठरवले, तर ते मोडलेले त्याला त्याच रात्री कळते.

दिवसाचे काम बहुतेक माणसांना सकाळी माहीतच असते, ही आणखी एक अडचण. आषाढात वालावलच्या शेतात तरवा उपटून तयार असेल तर त्या दिवशी लावणी असते. खाडीत जाळे टाकणाऱ्याची वेळ भरती-सुकती ठरवते. काजूच्या दिवसांत बी वेचायला पहाटेच जावे लागते. शहरातल्या कारकुनाचे, नर्सचे, शिक्षिकेचेही असेच. टेबलावर काय पडून आहे ते त्यांना पुरते ठाऊक असते. कमतरता असते ती नको असलेले काम आधी हाती घेण्याच्या धैर्याची. टळत आलेला फोन, न भरलेला अर्ज, भावाशी करायचे जमिनीचे बोलणे. नेमक्या अशा सकाळी चित्रात गुंतून राहणे सोयीचे असते. पान पाहून झाले, वहीत चार ओळी झाल्या, मन हलके झाले, आणि फोन राहिलाच.

वहीचा उल्लेख आला म्हणून तिचे श्रेय तिला द्यायला हवे. पान काढणारे पुष्कळ जण सोबत रोजनिशी लिहितात, दहा मिनिटे गप्प बसतात, आणि त्यांना त्याचा खरोखर फायदा होतो. तो फायदा गप्प बसण्याचा आणि लिहिण्याचा. पत्ता काय करतो हे पाहायचे असेल तर क्रम उलटा करून पाहता येतो: आधी दिवसाची तीन कामे वेळेसकट लिहावीत, मग पान काढावे. पान पाहून यादी बदलली नाही, तर पान निरुपयोगी होते. बदलली, तर ज्याला कामाची माहितीच नाही अशा कागदाच्या तुकड्याने माणसाचा विचार खोडला, आणि हे त्याहून वाईट.

उरतो तो 'यात कोणाचे काय जाते' हा सवाल. ज्याचे काही जात नाही त्याने खुशाल पान काढावे. पोपटाने पाकीट ओढून देणाऱ्या फुटपाथवरच्या ज्योतिषाकडेही लोक गंमत म्हणून बसतच. (पोपट पिंजऱ्यात ठेवायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पत्ते पिंजऱ्याशिवाय चालतात, ही टॅरोची खरी सोय.) पण गंमत रोजची झाली की तिला गिऱ्हाईक सापडते आणि गिऱ्हाइकाला दुकान. एका पानाने भागत नाही, मग तीन पानांची मांडणी, मग सल्लागार, मग अभ्यासक्रम. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगाला शुभाशुभ सांगून कुणब्याच्या घरातून पैसा कसा उचलला जातो ते दाखवले होते. आजच्या दुकानात भीतीच्या जागी स्वतःला घडवण्याची हौस विकली जाते. गल्ला भरण्याची रीत तीच. 2013 च्या कायद्याचा या दुकानाला फारसा धाक नाही, कारण ज्योतिषाचा निव्वळ सल्ला त्याने मुद्दाम बाहेर ठेवला आहे.

खरे नुकसान होते ते मात्र हौशी माणसाचे नाही. झोप उडालेला, कर्जाने पिचलेला, घरात कोणाशी बोलू न शकणारा माणूस रोज पान काढू लागतो, चांगले येईपर्यंत पुन्हा पिसतो, आणि 'मनोरा' आला की दिवसभर थरथरत राहतो. त्याला 'पान म्हणजे आरसा' असे शिकवणारे त्याच्यावर उपचाराचा एक एक दिवस उशीर लादत असतात. पिसण्याचा हा फेरा ज्या घरात दिसेल तिथे कॅट कपाटात ठेवावा आणि माणसाला डॉक्टरांकडे न्यावे. जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.